गोठ्यातल्या गाड्या आणि माझं तोंड

आमच्या गोठ्यात खुंटीला एक बारदान टांगलंय. गाड्यांच्या सीटाखालनं जे जे निघंल ते त्यात टाकायचं, मालक मागायला आला तर द्यायचं, असा सूनबाईचा नियम. आजवर त्यात एका पायाच्या चपला पडल्यात, कंगवे पडलेत, न वाटलेल्या लग्नपत्रिका पडल्यात (ते लग्न होऊन पोरगं शाळेत जायला लागलंय!), आणि एकदा तर आख्खं वांगं निघालं. मागायला मात्र सहसा कुणी येत नाही. किस्से पण असेच साठत गेलेत. कुणी मागत नाही म्हणून मीच बारदान पालथं करतोय. ज्याचा जो असंल त्यानं ओळखावा आणि गप बसावं.

मी चौथी शिकलेला माणूस. सगळा जन्म आष्ट्यात म्हशी सांभाळण्यात गेला. बायको गेल्यावर म्हशी विकल्या, गोठा मोकळा झाला. पोरगा महेश पुण्याला कंपनीत, आठवड्यातनं एकदा घरी येतो. घरात मी आणि सून पूनम. एक दिवस पूनम म्हणाली, "आबा, गोठा मला द्या. मी डिटेलिंग सुरू करणार."

"म्हंजे काय?"

"गाडी आतनं-बाहेरनं नव्यासारखी करायची."

"गाड्या धुणं म्हण की मग!"

"धुणं न्हवं आबा. डिटेलिंग."

"एका गाडीला टाइम किती लागतो?"

"दोन दिवस."

दोन दिवस! तेवढ्यात मी आठ म्हशी धुऊन, पिळून, डेअरीला दूध घालून, वर चार जणांशी भांडून आलो असतो!

पण पोरगी जिद्दीची. पुण्यात राहून शिकून आली होती. गोठ्याला कोबा केला, फरशी केली, लाइटी लावल्या, पंप आणला. जिथं माझी गंगी म्हैस बांधलेली असायची तिथं आता कुणाची तरी लाल गाडी उभी, आणि माझी सून कानातला मळ काढायच्या काड्या घेऊन त्या गाडीच्या एसीच्या फटी साफ करतीया. महेशच्या बारशाला सुद्धा त्याला कुणी एवढं न्हाऊमाखू घातलं नव्हतं.

*

पहिलीच गाडी हायस्कुलातल्या एका गुरुजींची. काळी कुळकुळीत. पूनम बाजारला गेली होती. म्हटलं, पोरीला हातभार लावावा. म्हशीला घासायचा नारळाचा काथ्या अजून कोनाड्यात होता. घेतला, पाणी मारलं, आणि बॉनेट असं घासलं, असं घासलं, की हात भरून आले. गंगी असती तर डोळे मिटून उभी राहिली असती!

पूनम आली. बॉनेटकडं बघितलं. पिशवी हातातनं खाली पडली. सगळ्या बॉनेटवर गोल गोल रेघा. जात्याची पाळी दिसावी तशी.

"आबा, ही म्हस हाय व्हय?"

"म्हस बरी! जास्त घासलं तर शेपटीनं तोंडावर मारून सांगती तरी. ही काय बोलली न्हाई!"

पोरीनं तीन दिवस मशीन फिरवून, पॉलिश करून ते निस्तरलं. चौथ्या दिवशी गुरुजी आले. गाडीत स्वतःचा चेहरा बघून भांगच पाडायला लागले. म्हणाले, "नवी घेतली तेव्हा सुद्धा एवढी चमकत नव्हती! नेमकी काय प्रोसेस केलीत?"

पूनमनं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "स्पेशल हाय सर. सगळ्यांना करत न्हाई."

*

माझं तोंड वाईट. हे मला माहीत आहे, गावाला माहीत आहे, आमच्या म्हशींना पण माहीत होतं. म्हशी सोडून गेल्या नाहीत, कारण बांधलेल्या होत्या. गिऱ्हाईक बांधलेलं नसतं.

एक कंत्राटदार आला. पांढरी गाडी, आणि ड्रायव्हरच्या दारावर वरपासनं खालपर्यंत गुटख्याचे लाल ओघळ. मला म्हणाला, "आबा, डाग जातील काय?"

म्हटलं, "डाग जातील. पर काच खाली करून थुकायचं आस्तंय, हे तुला कोण बोललं न्हाई काय रं? म्हस बी आपल्या गव्हाणीत घाण करत न्हाई!"

गडी तसाच गाडी वळवून गेला. जाताना पुन्हा थुंकला. काच ह्या वेळीसुद्धा निम्मीच खाली होती.

पूनम भांडली नाही. ती भांडते तेव्हा मला बरं वाटतं. गप राहिली की भीती वाटते. चहाचा कप माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "आबा, महेशच्या वळखीचा एक दुकानदार हाय पुण्याला. मोठं दुकान हाय त्याचं. मला काम देतो म्हणतोय. मी न्हाई म्हणत आले, घर मोकळं पडंल म्हणून. पर आता तुमच्या तोंडानं आणखी एक गिऱ्हाईक गेलं, की मी बॅग भरणार."

"भर की! मला काय," मी म्हणालो.

म्हणायला काय जातंय! पण ती गेली की त्या घरात मी आणि भिंतीवरची पाल. आणि पाल चहा करत नाही.

तेव्हापासनं मी तोंडाला कुलूप घातलं. म्हणजे, प्रयत्न केला.

*

कुलूप घातल्यावर दुसऱ्याच दिवशी चौगुले अण्णा आले. जैन माणूस, शेती मोठी, बोलणं मऊ. गाडीचं दार उघडलं तर आत मुंग्याच मुंग्या! सीटवर, स्टेअरिंगवर, आरशावर. एक रांग तर पट्ट्यावरनं अशी शिस्तीत चालली होती, जणू तिनंच सीटबेल्ट लावलाय.

पूनमनं औषधाचा फवारा घेतला. अण्णा दोन्ही हात पसरून आडवे आले.

"न्हाई बाई! एक मुंगी मेली न्हाई पायजे!"

"मग काढायच्या कशा अण्णा?"

"त्यांना सांगून."

माझ्या तोंडात जे आलं ते मी गिळलं. नरड्यात अडकलं, पण गिळलं.

मग काय! मी गुळाचा खडा पाण्यात कालवला. गाडीच्या दारातनं फरशीवर, फरशीवरनं अंगणात, अंगणातनं लिंबाच्या बुडापर्यंत बोटानं रेघ ओढली. आणि आम्ही तिघं बसलो मुंग्यांची वाट बघत. निघाल्या एकेक करून. मधनंच एखादी माघारी फिरायची, अण्णा वाकून तिला म्हणायचे, "तिकडं न्हाई गं, हिकडं!" दिवस बुडायच्या आत अण्णांचं जेवण असतं. डबा संगंच आणलेला. तो खाल्ला, आणि पुन्हा मुंग्यांजवळ येऊन बसले.

दिवेलागणीला गाडी मोकळी झाली. पूनमनं आतनं पुसून लख्ख केली. अण्णांचे डोळे भरून आले. मला राहवलं नाही, पण अगदी गोड आवाजात विचारलं, "अण्णा, एवढ्या मुंग्या गाडीत आल्याच कशा?"

"आवं, मी रोज सकाळी मुंग्यांना साखर घालतो," अण्णा म्हणाले. "पावसात बाहेर कुठं घालू? म्हणून गाडीत घातली."

*

हळदीच्या व्यापाऱ्याची गाडी आली होती. सांगलीच्या बाजारात पोती नेऊन नेऊन सीटापासनं छतापर्यंत पिवळी. धुतली तर पाणी गटारानं पार मारुतीच्या देवळापर्यंत पिवळं वाहत गेलं. अर्ध्या तासात गल्लीतल्या चार बायका नटून दारात हजर!

"आबा, लगीन कुणाचं? आमाला बोलावलं बी न्हाई!"

*

एका सीटाखाली कवळी निघाली. आख्खी, वरची-खालची. पूनमनं गाडीच्या मालकाला फोन केला. तो म्हणाला, "माझी नाही. मी तिशीतला माणूस आहे!" पण गाडी तो भाड्यानं द्यायचा, रोज वेगळी माणसं बसायची. म्हणून पूनमनं दारावर कागद लावला: कवळी सापडली आहे, ओळख पटवून घेऊन जावी.

आता कवळीची ओळख कशी पटवायची? तोंडात घालून!

पहिल्या दिवशी तीन म्हातारे आले. मी गरम पाण्याचं भांडं घेऊन उभा. एकानं घालून बघितली, "घट हुतीया," म्हणाला. मी उकळत्या पाण्यात बुचकळली, दुसऱ्याला दिली. "सैल हाय." पुन्हा बुचकळली. तिसऱ्यानं घातली आणि त्याला ती काढताच येईना. पूनमनं सीटाच्या कडा मोकळ्या करायची प्लास्टिकची पट्टी आणली तेव्हा निघाली.

दुसऱ्या दिवशी चौथा आला. कवळी घातली. दात वाजवले. खिशातनं भाजके शेंगदाणे काढले, चावले. डोळे मिटून समाधानानं मान हलवली.

मी म्हटलं, "गावला बाबा मालक एकदाचा!"

"न्हाई रं," तो म्हणाला, "माझी न्हवं ही. पर बसतीया झकास!" आणि तशीच घेऊन गेला.

खरा मालक तिसऱ्या दिवशी आला. काय बोलला ते मला समजलं नाही. त्याला दात नव्हते.

*

हा पुढचा किस्सा आमच्या गणपाचा. गणपा माझ्या शेजारचा, पन्नास वर्षांचं आमचं भांडण. त्याची पोरगी मेढ्याला दिलीय. जावई नवी गाडी घेऊन आला, त्या गाडीला सिरॅमिक करायचं होतं. म्हणजे गाडीवर एक काचेसारखा पातळ थर चढवतात. पूनमनं थर चढवला आणि सांगितलं, "दाजी, सात दिवस गाडीला पाण्याचा थेंब लागता कामा नये."

दिवस ऐन पावसाळ्याचे. जावई डोकं खाजवायला लागला. "वैनी, आमच्या मेढ्यात सात दिवस कोरडं? आमच्याकडं आंथरूण सुद्धा सात दिवस कोरडं राहत न्हाई!"

मग ठरलं की गाडी आमच्या गोठ्यात सात दिवस राहणार. आणि गाडीवाचून जावई तरी कसा जाणार? तो राहिला गणपाकडं. सासुरवाडी! पहिल्या दिवशी कोंबडी. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. तिसऱ्या दिवशी मटण. जावई रोज सकाळी ढेकर देत आमच्या गोठ्यात यायचा, गाडीला लांबनंच बघायचा.

सातव्या दिवशी पूनम चार दिवसांसाठी माहेरी गेलेली. जावयानं मला विचारलं, "आबा, वाळलं असंल काय?"

मी बॉनेटवर वाकलो. वास घेतला. भिंतीपलीकडं गणपाच्या घरातनं मसाला वाटल्याचा आवाज येत होता.

"अजून दमट वाटतंय जावईबापू," मी म्हणालो. "घाई करू नका."

अकराव्या दिवशी गणपा स्वतः आला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर हात जोडले. "पाया पडतो तुझ्या. वाळलं म्हण! खुराडं मोकळं झालंय माझं!"

*

आता शेवटचा.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची, गाड्यांची पूजा असते. त्या दिवशी घाण गाडीला हार घालायचा नाही, म्हणून आख्ख्या गावाला सकाळीच गाडी चकचकीत हवी. उजाडायच्या आत आमच्या गोठ्यापासनं पार मोठ्या रस्त्यापर्यंत रांग. मोटारी, बुलेट, दोन ट्रॅक्टर. एक जण उसाची ट्रॉली घेऊन आला आणि म्हणतोय, "हिला बी ते सिरॅमिक करा!"

नेमका त्याच दिवशी तो पुण्याचा दुकानदार येणार होता. कोल्हापूरला निघालेला, वाटेत पूनमचं काम बघणार, पसंत पडलं तर दिवाळीपासनं तिला पुण्याला घेऊन जाणार. पूनम पहाटे माझ्यासमोर उभी राहिली.

"आबा, आज शब्द द्या. मी सांगत न्हाई तवर एक अक्षर बोलायचं न्हाई. काय व्हायचं ते माझ्या कामावर होऊ दे. तुमच्या तोंडावर न्हाई."

शब्द दिला. आणि दिल्यावर ध्यानात आलं, आपण काय करून बसलोय! तोंड उघडलं असतं तर पुण्याचा गडी दहा मिनिटांत पळाला असता आणि पोरगी घरात राहिली असती. आणि जन्मभर म्हणाली असती, आबांनी माझं वाटोळं केलं. म्हणून गप.

तो आला. लांबडी काळी गाडी, काळा चष्मा. रांगेत न थांबता गाडी सरळ आत घातली. पूनमनं मुद्दाम त्याचीच गाडी घेतली, म्हणजे काम दिसंल. मी खुर्ची फडक्यानं पुसून दिली. बसला, नाक मुरडलं.

"बाबा, हा गोठा होता का? वास येतोय अजून."

मी मान हलवली.

"पाणी कसलं वापरता? म्हशीला पाजता तेच?"

मी मान हलवली.

"शिक्षण किती तुमचं?"

मी चार बोटं दाखवली. रांगेतली माणसं गाडीतनं उतरून जवळ यायला लागली. त्यांना वाटलं मला अर्धांगवायूचा झटका आलाय. एकानं हळूच माझा हात हलवून बघितला. "आबा, ऐकू येतंय न्हवं? दवाखान्यात न्यायचं काय?"

तेवढ्यात पुण्याच्या माणसानं पाय पुढं केला. "ते फडकं हातात आहेच, तर बुटावरनं पण फिरवा जरा. तुमच्या अंगणात चिखल फार."

मी फडक्याकडं बघितलं. बुटाकडं बघितलं. शब्द दिलाय म्हणजे दिलाय. वाकलो, आणि पुसला बूट.

उठलो तर समोर पूनम. हातात फेसाची बंदूक. गाडी चाकापासनं छतापर्यंत पांढऱ्या फेसात बुडालेली. तिनं बुटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग त्याला विचारलं, "सर, तुमच्याकडं मी आले, तर बोर्डावर नाव कुणाचं?"

"माझंच की! ब्रँड आहे तो. तुम्ही युनिफॉर्म घालायचा, मी सांगेन त्या गाड्या करायच्या. काम चांगलं आहे तुमचं. आणि एक सांगू?" त्यानं माझ्याकडं बोट केलं. "ह्या बाबांना पण घेऊन या. इतका गरीब, इतका नम्र माणूस मी आयुष्यात बघितला नाही! ह्यांना आपण गिऱ्हाइकांशी बोलायला ठेवू."

रांगेतला एक जण बुलेटवरनं खाली पडला. ट्रॅक्टरवाला स्टेअरिंगवर डोकं टेकून हसायला लागला.

पूनम हसली नाही. बंदूक खाली ठेवली, पदराला हात पुसले, बाजूला झाली आणि म्हणाली,

"आबा, बोला आता."

मी बोललो.

फेस धुवायला सुद्धा थांबला नाही गडी. म्हणतात, पार हायवेच्या पेठ नाक्यापर्यंत लोकांनी एक पांढरा ढग रस्त्यानं जाताना बघितला. ढगातनं एक हात बाहेर आला होता आणि पुढची काच पुसत होता. आणि कोल्हापूरला जायचं सोडून ढग पुण्याच्या दिशेनं चालला होता!